मिस्सा हा ख्रिस्ताचा पुन्हा दिलेला बळी नव्हे : कॅथलिक तारणश्रद्धेविषयीच्या एका प्रचलित दाव्याचा प्रतिवाद

मराठी ख्रिस्ती वाचकांमध्ये एक मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचे सार असे : कॅथलिक मनुष्य येशूचे क्रूसावरील मरण अपुरे समजतो, म्हणून तो सत्कृत्यांनी आणि कर्मकांडाने स्वतःचे तारण कमावू पाहतो, दर रविवारी वेदीवर ख्रिस्ताचा नव्याने बळी देतो, धर्मगुरूच्या कानात पाप सांगून पुन्हा पाप करायला मोकळा होतो, पैसे मोजून शिक्षा माफ करून घेतो आणि मरियेला दुसरी तारणारी मानतो. या आरोपांची उत्तरे धर्मपरिषदांच्या ठरावांत आहेतच, पण त्याहून जवळचा पुरावा उपासनेच्या ग्रंथात आहे. मंडळी, म्हणजे चर्च, जशी प्रार्थना करते तशीच तिची श्रद्धा असते, हे सूत्र पाचव्या शतकातील ख्रिस्ती लेखक अक्विटेनचा प्रॉस्पर याच्यापासून चालत आलेले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस अर्पण करून होणारी कॅथलिकांची मुख्य उपासना, मराठीतून होऊ लागल्यामुळे वसईतल्या कोणत्याही चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसणाऱ्यालाही हा पुरावा स्वतःच्या कानांनी तपासता येतो.

पहिला आरोप कर्मांनी तारण कमावण्याचा. मनुष्य स्वतःच्या बळावर देवाकडे वळू शकतो, ही पेलाजियसची शिकवण मंडळीने पाचव्या शतकातच नाकारली आणि तिचे सौम्य रूप इ. स. ५२९ मध्ये ऑरेंजच्या परिषदेने फेटाळले. प्रोटेस्टंट सुधारकांना उत्तर देणाऱ्या सोळाव्या शतकातील ज्या ट्रेंटच्या परिषदेला कर्मवादाचा बालेकिल्ला समजले जाते, तिने १३ जानेवारी १५४७ रोजी नीतिमान ठरण्याविषयी जो ठराव केला, त्याचे पहिलेच कलम असे सांगते की, ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून केवळ आपल्या कर्मांनी मनुष्य देवापुढे नीतिमान ठरू शकतो असे जो म्हणेल, तो शापित असो. त्याच ठरावात, नीतिमान ठरण्यापूर्वीची कोणतीही गोष्ट, मग ती श्रद्धा असो वा कर्म, ती कृपा कमावू शकत नाही, असेही स्पष्ट लिहिले आहे. आरोप करणारे ट्रेंटचे नाव घेतात, पण हे कलम त्यांच्या मजकुरात कधी दिसत नाही.

उपासना हेच अधिक ठसठशीतपणे बोलते. मिस्सेतील मध्यवर्ती प्रार्थनेला आभारप्रार्थना म्हणतात; रोमन परंपरेतील अशा सर्वांत जुन्या प्रार्थनेत, जिचा गाभा चौथ्या शतकापर्यंत मागे जातो, धर्मगुरू छातीवर हात मारून स्वतःला पापी म्हणवतो आणि आमची योग्यता न जोखता क्षमा करून आम्हांला संतांच्या सहवासात घे, अशी विनवणी करतो. तान्ह्या बाळाचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, तर या आरोपाला सर्वांत थेट छेद देतो. ज्याने अजून एकही सत्कृत्य केलेले नाही, ज्याला स्वतःचे नावही उच्चारता येत नाही, त्याला मंडळी पापमुक्त झालेले आणि देवाचे लेकरू झालेले मानते. तारण कमाईवर अवलंबून असते, तर बालकांच्या स्नानसंस्काराला काही अर्थच उरला नसता.

तरीही कॅथलिक शिकवणीत सत्कृत्यांना पुण्यमोल आहे, हे लपवण्याचे कारण नाही. बायबलमधील याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, मनुष्य केवळ विश्वासाने नव्हे तर कृतींनी नीतिमान ठरतो, असे वाक्य आहे आणि कॅथलिक ते गाळून वाचत नाहीत. परंतु हे मोल कृपेच्या आधी येत नाही, कृपेतून येते. संतांच्या सणांच्या मिस्सेतील एक प्रार्थना संत ऑगस्टिनचा विचार उचलून देवाला म्हणते की, तू त्यांच्या गुणांना मुकुट घालतोस तेव्हा स्वतःच्याच देणग्यांना मुकुट घालत असतोस. या प्रश्नावर लुथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक मंडळी यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघटनाही त्यात सामील झाल्या. सगळे मतभेद मिटले असा त्या पत्राचा दावा नाही, पण सोळाव्या शतकातले परस्परांवरचे शाप त्यात मांडलेल्या शिकवणीला लागू होत नाहीत, असे दोन्ही बाजूंनी मान्य केले आहे.

दुसरा आरोप सर्वांत गंभीर आहे, कारण तो उपासनेच्या मर्मावरच बोट ठेवतो. बायबलमधील इब्री लोकांस पत्र ठासून सांगते की, ख्रिस्ताने स्वतःला एकदाच आणि सर्वकाळासाठी अर्पण केले. मग दर रविवारी बळी कसला? १७ सप्टेंबर १५६२ रोजी ट्रेंटनेच याचे उत्तर दिले : वेदीवरचे अर्पण तेच, अर्पण करणाराही तोच, फरक केवळ अर्पण करण्याच्या रीतीचा. क्रूसावर रक्त सांडले. वेदीवर ते सांडत नाही. दुसरा बळी दिला जात नाही, तर तो एकमेव बळी भाकर आणि द्राक्षारस यांच्या रूपाने उपस्थित होतो आणि उपासक त्यात सहभागी होतात. या कल्पनेचे मूळ वल्हांडणात, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामगिरीतून झालेल्या सुटकेच्या यहुदी सणात आहे. वल्हांडणाचे भोजन करणारी प्रत्येक पिढी आपण स्वतःच मिसरातून बाहेर पडलो असे मानते, पण म्हणून दरवर्षी तांबडा समुद्र पुन्हा दुभंगतो असे कोणी म्हणत नाही. येशूने आपल्या स्मरणार्थ हे करा असे सांगितले, ते वल्हांडणाच्या सणातच.

यापेक्षा बोलका पुरावा गुड फ्रायडेचा आहे. मिस्सेत ख्रिस्ताला नव्याने मारले जात असते, तर त्याच्या मृत्यूचा दिवस हा मिस्सेसाठी सर्वांत योग्य ठरला असता. प्रत्यक्षात त्या दिवशी जगभरातल्या एकाही कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होत नाही. वेदी आच्छादनाविना उघडी ठेवलेली असते, दुःखसहनाचा वृत्तान्त वाचला जातो, क्रूसाचे वंदन होते आणि आदल्या गुरुवारी पवित्र केलेले ख्रिस्तशरीर भाविकांना दिले जाते. इतर दिवशी मिस्सेत अर्पणाच्या वेळी द्राक्षारसात पाण्याचा थेंब मिसळताना धर्मगुरू हळू आवाजात एक प्रार्थना म्हणतो : ज्याने आमच्या मानवतेत सहभागी होण्यासाठी स्वतःला नम्र केले, त्याच्या देवत्वात आम्हांला वाटा मिळो. तारण म्हणजे केवळ शिक्षेतून सुटका नव्हे, तर देवाच्या जीवनात सामील होणे, हा विचार एका थेंबात मांडणारी ही कृती बहुतेकांच्या नजरेतून निसटते, ही खेदाची गोष्ट आहे.

प्रोटेस्टंट सुधारकांचा संताप मात्र निराधार नव्हता. मध्ययुगाच्या अखेरीस मृतांसाठी पैसे देऊन मिस्सा लावण्याचे प्रमाण इतके वाढले होते की, दिवसभर दुसरे काही न करता केवळ मिस्सा म्हणणारे धर्मगुरू नेमले जात होते. आजही मिस्सेच्या हेतूसाठी भाविक अल्पशी देणगी देतात. पण या व्यवहारात व्यापाराचा नुसता भासही होता कामा नये, असे चर्चच्या कायद्याचे ९४७ वे कलम बजावते. एखाद्या ठिकाणी असा भास होत असेल, तर तो कायद्याचा भंग आहे, श्रद्धेचा भाग नव्हे.

पापनिवेदन म्हणजे पापाचा परवाना, हा तिसरा आरोप कोणीही पापनिवेदन न करताच रचला असावा. मनापासून पश्चात्ताप आणि पुन्हा ते पाप न करण्याचा निश्चय नसेल, तर धर्मगुरूने क्षमेचे शब्द उच्चारूनही क्षमा लागू होत नाही. चोरी केली असेल तर चोरलेले परत करावे लागते. त्या शब्दांची सुरुवात धर्मगुरूच्या अधिकारापासून होत नाही, तर पित्याने आपल्या पुत्राच्या मरणाने आणि पुनरुत्थानाने जगाचा स्वतःशी समेट केला, या घोषणेने होते. धर्मगुरूही दुसऱ्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकतो. पोप फ्रान्सिस २८ मार्च २०१४ रोजी संत पेत्राच्या महामंदिरात सर्वांदेखत एका साध्या धर्मगुरूसमोर गुडघे टेकून पापनिवेदन करताना दिसले होते.

पैसे भरून मिळणाऱ्या इंडल्जन्सबद्दल, म्हणजे दंडमाफीबद्दल, फार वाद घालण्याचे कारण नाही. सोळाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत योहान टेट्झेल या धर्मगुरूने केलेली दंडमाफीची विक्री खरी होती, तिच्यातला पैसा रोमच्या महामंदिराच्या बांधकामाला आणि माइन्झच्या आर्चबिशपच्या कर्जफेडीला गेला हेही खरे. पण दंडमाफीने पापाची क्षमा होते असे शिकवण कधीच सांगत नव्हती. ती क्षमा झालेल्या पापाच्या उरलेल्या परिणामांविषयी आहे. ट्रेंटने १५६३ मध्ये दंडमाफीतून होणाऱ्या कमाईवर बंदी घातली आणि पाचव्या पायस पोपनी १५६७ मध्ये पैशांशी जोडलेल्या सर्व दंडमाफ्या रद्द केल्या. साडेचार शतकांपूर्वी बंद झालेला व्यवहार आज चालू असल्यासारखा सांगणे प्रामाणिकपणाचे नाही.

राहिली मरिया. तिच्या निष्कलंक गर्भसंभवाचा, म्हणजे ती आईच्या उदरात आली त्या क्षणापासूनच मूळ पापापासून मुक्त होती हा, सिद्धान्त जाहीर करताना १८५४ मध्ये नवव्या पायस पोपनी, हे वरदान तिला ख्रिस्ताच्या पुण्याईमुळेच मिळाले, असे स्पष्ट म्हटले. म्हणजे ज्या सिद्धान्ताने तिला देवी केल्याचा आरोप होतो, तोच तिलाही तारणारा लागला असे शिकवतो. तिचे मातृत्व ख्रिस्ताच्या एकमेव मध्यस्थीला झाकोळत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये मांडले आणि तिला सहतारणकर्ती म्हणणे अनुचित आहे, असे व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धान्त विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. लोकभक्तीत कधी तोल जातो, हे मान्य केले पाहिजे; वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हातपाय वाहणाऱ्या गर्दीतल्या प्रत्येकाच्या मनात मध्यस्थी आणि तारण यांतला भेद स्पष्ट असेलच असे नाही. पण त्याच जत्रेत होणारी प्रत्येक मिस्सा पित्याला उद्देशून, ख्रिस्ताच्या द्वारे अर्पण केली जाते. कारण संतांच्या सन्मानार्थ मिस्सा झाली तरी अर्पण संतांना नसते, त्यांना मुकुट घालणाऱ्या एकट्या देवालाच असते, हेही १५६२ च्या त्याच ठरावात लिहिलेले आहे.