राज्य मासा, बिस्किटाएवढा

2023 मध्ये पापलेटला राज्य मासा केलं म्हणे. आज बाजारात पाटीत बघितलं ते राजेशाही पापलेट: बिस्किटाएवढं! ‘मावशी, एवढंच?’ तर म्हणाल्या, ‘मोठं होऊ देतंय कोण?’

खरंच, कोण? एलईडी मासेमारीला, म्हणजे प्रखर दिवे लावून मासे गोळा करून पकडण्याला, 2017 पासून बंदी, आणि रात्री किनाऱ्यावर उभं राहा, क्षितिजावर नुसती दिवाळी! शेंबड्या पोराला दिसतं, गस्तीच्या बोटीला तेवढं दिसत नाही. खाली ट्रॉलर तळ खरवडतोय. जाळ्याचा आस (भोक) इतका बारीक की करंगळीएवढं पिल्लूही सुटू नये. खपलं नाही ते भुकटी करायला फिशमिलला. म्हणजे उद्याची सुरमई आज कोंबडीचं खाद्य! आणि जून-जुलैची मासेमारी बंदी कशाला, तर म्हणे विणीसाठी. वीण होते हो! ऑगस्टच्या पहिल्या फेरीत तीच पिल्लं बर्फात.