आधी रॅम, मग ग्राफिक्स कार्ड: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं, की मायक्रोस्कोपच्या प्रतिमांतल्या पेशी ओळखण्याचं सगळं काम आता डीप लर्निंगवर चालतं, त्यासाठीच्या सेलपोज या सॉफ्टवेअरला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि तरीही मी संशोधक विद्यार्थ्यांना कॉम्प्युटर घेताना आधी रॅमवर पैसे घालायला सांगतो. माझं मत आजही तेच आहे. कारण हिशेबात आहे.

मायक्रोस्कोपच्या कॅमेऱ्यातून आलेली २०४८ × २०४८ पिक्सेलची, १६ बिटची एक प्रतिमा ८ एमबीची असते. नमुन्याच्या वेगवेगळ्या खोलीवरचे १०० थर (स्लाइस) आणि ३ रंग (चॅनेल) धरले की त्या सगळ्या प्रतिमांचा एक स्टॅक अडीच जीबीच्या घरात जातो. टाइमलॅप्समध्ये, म्हणजे ठरावीक वेळाने, असे २० स्टॅक घेतले तर ५० जीबी. फिजी या प्रतिमा तपासण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ते ३२ बिटमध्ये नेलं की आकार दुप्पट, आणि मूळ प्रत शेजारी उघडी असली तर एकूण तिप्पट. रॅम अपुरी पडली की काम तिथेच अडतं, मग कार्ड कितीही महागडं असो.

आता सेलपोजच घ्या. कार्डाकडे अख्खी प्रतिमा जातच नाही, तिचे छोटे चौकोनी तुकडे जातात. त्रिमितीत काम करताना मात्र प्रत्येक व्हॉक्सेलसाठी (त्रिमितीतल्या पिक्सेलसाठी) तीन दिशांचे आकडे ३२ बिटमध्ये धरून ठेवावे लागतात. वरच्या स्टॅकच्या एकाच चॅनेलसाठी ते सुमारे ५ जीबी होतात, आणि हा भार रॅमवर येतो.

स्वतःचं मॉडेल शिकवायचं असेल, किंवा सेलपोजची २०२५ची सॅम या मोठ्या मॉडेलवर आधारलेली आवृत्ती वापरायची असेल, तर तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. सीपीयूवर ते काम रेंगाळतं. तेव्हा कूडासाठी (कार्डावर असं गणित चालवणाऱ्या एनव्हिडियाच्या प्रणालीसाठी) एनव्हिडियाचंच कार्ड घ्यावं, आणि ८ जीबी मेमरीच्या वेगवान कार्डापेक्षा १६ जीबीचं थोडं मंद कार्ड मी पसंत करीन. पण मॉडेल रोज कोण शिकवतं? प्रतिमांचे निवडक तुकडे गूगलच्या कोलॅब या ऑनलाइन सेवेवर चढवून ते काम उरकता येतं. ५० जीबीचा स्टॅक रोज चढवणं मात्र आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांच्या इंटरनेटला झेपणारं नाही.

‘रॅम काय, नंतरही वाढवता येते,’ असंही तुम्ही लिहिलंत. साध्या डीडीआर५ मदरबोर्डवर चारही स्लॉट भरले की रॅमचा वेग बहुतेक वेळा खाली येतो. त्यामुळे सुरुवातीलाच ४८ जीबीच्या दोन स्टिक घेतलेल्या बऱ्या. कार्ड मात्र पुढच्या वर्षीच्या अनुदानातून निवांत बसवता येतं, फक्त पॉवर सप्लाय आजच ७५० वॉटच्या पुढचा घ्यावा. चालू कामाच्या फाइली वेगवान एनव्हीएमई एसएसडीवर ठेवाव्यात, हार्ड डिस्क साठवणीपुरती.

तुमच्या प्रयोगशाळेतली सर्वांत जड फाइल चालवा आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरी किती भरते ते बघा. त्यातला जीपीयूचा (ग्राफिक्स कार्डाचा) नेहमीचा आलेख कूडाचं काम नीट दाखवत नाही, म्हणून कार्डासाठी एनव्हिडिया-एसएमआय ही कमांड वापरा. दोन्ही आकडे इथे लिहिलेत, तर तुमच्या कामाला काय आधी घ्यावं ते त्यावरून ठरवू.