डर्ट ट्रॅकची गाडी मुद्दामच तिरकी लावतात

अमेरिकेत ओहायोतल्या एल्डोराच्या मातीच्या गोल ट्रॅकवर (डर्ट ट्रॅक) आडव्या होऊन कायम डावीकडेच वळणाऱ्या लेट मॉडेल या प्रकारच्या रेसिंग गाड्यांचे व्हिडिओ फिरू लागले की मागोमाग एक ठरलेला दावा येतो: ‘डावीकडचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) उजवीकडच्यापेक्षा कमी दिसतोय, म्हणजे चेसिस (गाडीचा सांगाडा) ठोकलेलं आहे. दोन्ही बाजू सारख्या करा, चाकं सरळ करा, गाडी आणखी पळेल.’ गॅरेजवालेसुद्धा हे बिनदिक्कत पुढे पाठवतात, म्हणून हा खटाटोप.

‘दोन्ही बाजू सारख्याच हव्यात.’ कोणी सांगितलं? अमेरिकेतल्या आयएमसीए या रेसिंग संघटनेचा मॉडिफाइड या दुसऱ्या प्रकारच्या डर्ट गाड्यांसाठीचा नियम व्हीलबेस 108 ते 112 इंच ठेवा म्हणतो, दोन्ही बाजूंना. त्या मापात बसलं की झालं, दोन्ही बाजू एकमेकींशी जुळवायची सक्ती नाही.

‘डावं मागचं चाक पुढे आलंय म्हणजे काहीतरी वाकलंय.’ खरी गंमत इथेच आहे. लेट मॉडेलचा मागचा अ‍ॅक्सल, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणारा आस, प्रत्येक बाजूला दोन दांड्यांनी चेसिसला जोडलेला असतो आणि हे दांडे अ‍ॅक्सलपासून पुढे जाताना वर चढत जातात. वळणात गाडी उजवीकडे कलते, डावी बाजू उचलली जाते. दांडा आणखी उभा होतो, त्याची आडवी लांबी घटते आणि चाक पुढे ओढलं जातं. नुसता एक 16 इंची दांडा धरा. 15 अंशांवर त्याची आडवी लांबी साधारण 15.5 इंच भरते, 30 अंशांवर 13.9. म्हणजे दीड इंचाहून जास्त सरक! उजवीकडे दांडा आडवा होत जातो आणि ते चाक मागे ढकललं जातं. अ‍ॅक्सलचं तोंड उजवीकडे वळतं, मागचा भाग बाहेर जातो, नाक डावीकडे येतं. चाकांमध्ये 5 फूट अंतर धरलं तर 1 इंचाच्या फरकाने अ‍ॅक्सल जवळपास 1 अंश फिरतो. वळणातला तो व्हिडिओ ठोकरीचा पुरावा नव्हे, ते सस्पेन्शनचं काम आहे.

‘चाकं तरी सरळ हवीत.’ तीही नाहीत. उजव्या पुढच्या चाकाचा माथा आत झुकवतात, डाव्याचा बाहेर. कॅस्टर, म्हणजे पुढचं चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे कल, डावीकडे कमी ठेवतात, म्हणजे स्टिअरिंग स्वतःहून डावीकडे ओढतं. वर थोडा टो-आउट, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं किंचित बाहेर. मागची दोन्ही चाकं एकत्रच फिरतात, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या डिफरन्शियलची सवलत नाही, म्हणून उजवा टायर घेराने मोठा लावतात. वळणात आतल्या चाकाच्या वाटेची त्रिज्या 150 फूट असेल तर बाहेरच्याच्या वाटेची 155. डाव्या टायरचा घेर 87 इंच धरला तर उजव्याचा 90 च्या आसपास हवा. गाडी घसरत वळते, त्यामुळे हा आकडा फक्त सुरुवातीचा. असली गाडी शहरातल्या अलाइनमेंट मशीनवर चढवलीत तर पडदा लालच दिसणार. ते मशीन सरळ रस्त्यासाठी आहे.

काही जण उलट्या टोकाला जातात: जितकी तिरकी तितकी वेगवान. हेही खोटंच. ट्रॅक कोरडा आणि गुळगुळीत झाला की मागचा भाग बाहेर जाऊन नुसती चाकं फिरतात, जोर मातीत उतरत नाही. मग हीच माणसं डावं चाक पुन्हा मागे घेतात.

दाव्यातलं एक मात्र मान्य: चेसिस खरंच वाकू शकतं, आणि नको असलेला तिरकेपणा गाडीची वाट लावतो. पण ते व्हिडिओ बघून कळत नाही. आधी गाडी धावतानाच्या उंचीवर, टायरमध्ये ठरलेली हवा भरून, ड्रायव्हरच्या वजनासकट उभी करा. फ्रेमला समांतर दोन्ही बाजूंना दोऱ्या ताणा, ओळंबा सोडा, अ‍ॅक्सल गुण्यात, म्हणजे फ्रेमशी काटकोनात, आहे का बघा. त्यानंतर हवा तेवढा तिरकेपणा द्या. आणि रिमपासून माप घेताना चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा, नाहीतर रिमचा बाक अ‍ॅक्सलच्या नावावर जमा होतो.