'नॉट डिटेक्टेड' आलं की गोळ्या बंद? जरा थांबा

फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय. "हेपॅटायटिस बी चा व्हायरस लिव्हर खातो. एसजीपीटी नॉर्मल म्हणजे व्हायरस झोपलाय. काढा पिऊन इम्युनिटी वाढवा, व्हायरल लोड 'नॉट डिटेक्टेड' आला की गोळ्या बंद." चार दावे, चारही गंडलेले. (एसजीपीटी म्हणजे लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, व्हायरल लोड म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे ते.)

आधी झोपेचं बघू. सोसायटीच्या टाकीतली पातळी दिवसभर तेवढीच दिसली म्हणून पाणी कोणी वापरतच नाही असं होतं का? वरून येतंय तेवढंच खाली जातंय. रक्तातला व्हायरस वर्षानुवर्षं तेवढाच दिसतो तो असाच, आणि हे कळायला नळ बंद करून बघावा लागतो. १९९६ साली गणिती जीवशास्त्रज्ञ मार्टिन नोवाक आणि मंडळींनी तेच केलं, लॅमिव्ह्युडिन (नवा व्हायरस बनणं थांबवणारी गोळी, म्हणजे वरचा नळ बंद) घेणाऱ्या पेशंट्सचा व्हायरस किती वेगाने उतरतो ते मोजून समीकरणात बसवलं (निरोगी पेशी, लागण झालेल्या पेशी, सुटा व्हायरस, बास) आणि निघालं काय, तर रक्तातला निम्मा व्हायरस साधारण २४ तासात संपतो, म्हणजे रोज १० हजार कोटींच्या आसपास नवे बाहेर पडतायत. कसली झोप!

लिव्हर खातो हेही नाही. व्हायरस स्वतः पेशी फारशा मारत नाही, लागण झालेल्या पेशी मारतात त्या आपल्याच टी-सेल्स, म्हणजे इम्युनिटीच्या पेशी. म्हणून तर लोड प्रचंड आणि एसजीपीटी नॉर्मल असे पेशंट असतात, इम्युनिटीने अजून हल्लाच केलेला नसतो. मग काढ्याने ती खरंच 'वाढली' तर आधी एसजीपीटीच उसळेल की! (काढ्याने तसं काही होत नाही हे नशीबच.)

आता गोळ्या. त्याच अभ्यासात लागण झालेल्या पेशींचं अर्धायुष्य (निम्म्या पेशी संपायला लागणारा वेळ) निघालं १० ते १०० दिवस, पेशंटप्रमाणे वेगळं. धरा ५० दिवस. लिव्हरमध्ये १० हजार कोटी पेशींना लागण असेल तर निम्म्या निम्म्या करत शेवटच्या पेशीपर्यंत यायला ३७ वेळा निम्मं करावं लागतं, म्हणजे १८५० दिवस, पाच वर्षं झाली, आणि तेही एकाही नव्या पेशीला लागण झाली नाही असं धरून. शिवाय पेशीच्या केंद्रकात व्हायरसच्या डीएनएची गोल मूळ प्रत बसलेली असते, तिला या गोळ्या हातच लावत नाहीत, त्या फक्त नव्या कॉप्या थांबवतात. रिपोर्ट रक्ताचा असतो, मूळ प्रत लिव्हरमध्ये. डॉक्टरला न विचारता गोळी सोडली की त्याच प्रतीवरून छपाई परत सुरू होऊ शकते.