घोडा पाण्यावर चालतो हे आम्हाला माहीत होतं

गेल्या आठवड्यात बहिणीने एक फॉरवर्ड पाठवला. खाली तिची एकच ओळ होती: ‘वाच गं, तुझा भाचा म्हणतोय इंजिनिअरिंग नको, हेच करायचंय.’ तोच मजकूर त्याआधी सोसायटीच्या ग्रुपवर येऊन गेला होता, शाळेच्या ग्रुपवरही. थोडक्यात असा: गेम कंपनीत दिवसभर गेम खेळायचा पगार मिळतो. तरीही गेममध्ये बग, म्हणजे चुका, राहतात, कारण त्या शोधायला ठेवलेले टेस्टर झोपा काढतात. गेम यायच्या तारखा पुढे जातात त्या आळसाने. पुण्यातल्या पोरांना मोठं काम झेपत नाही, ते सगळ्या जगाने पाहिलंय. आणि या कंपन्यांना चाहत्यांशी देणंघेणं नसतं, शिव्या घातल्याशिवाय त्या हलत नाहीत.

मी पुण्यात नऊ वर्षं गेम टेस्टिंग करते. कंपनीचं नाव लिहिणार नाही, करारावर सही आहे. पण उत्तर द्यायला नाव लागत नाही.

खेळायचा पगार. नोकरीला लागले तेव्हा पहिले सहा आठवडे मी एका किल्ल्याच्या भिंती घासल्या. पात्राला भिंतीला चिकटवायचं आणि चालवत राहायचं. कुठे फट सापडून ते आत घुसलं किंवा जमिनीतून खाली कोसळलं की नोंद करायची. भिंत संपली की तीच भिंत उड्या मारत. मग घोड्यावरून. मग पाऊस सुरू करून. सिंहगडावर मी आजवर दहाएक वेळा गेले असेन, पण त्या खोट्या किल्ल्याचा दगडन् दगड मला जास्त ओळखीचा आहे.

पुढे बढती मिळाली म्हणजे काय, तर कंट्रोलर, म्हणजे गेम खेळताना हातात धरायचं बटणांचं यंत्र, उपटायचं काम मिळालं. सेव्ह चालू असताना उपट, मेन्यू उघडताना उपट, गोष्ट सांगणारा प्रसंग चालू असताना उपट. कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायची यंत्रं, बनवणाऱ्या कंपन्या गेम बाजारात जाण्याआधी स्वतः तपासतात. कंट्रोलर तुटला आणि गेम थांबून तसा निरोप पडद्यावर आला नाही, तर गेम परत येतो. मग भाषा बदलायच्या. इंग्रजीत बटणावर मावणारा ‘सेटिंग्ज’ हा शब्द जर्मनमध्ये ‘आइनश्टेलुंगेन’ होतो आणि चौकटीबाहेर लोंबतो. अशी लोंबणारी बटणं मी एका आठवड्यात चाळीस काढली होती. हे खेळणं म्हणायचं असेल तर पोस्टमन रोज सहलीला जातो असंही म्हणता येईल.

शिवाय सापडलं म्हणून भागत नाही, ते लिहावं लागतं. ‘गेम बिघडलाय’ असं लिहिलं तर नोंद तोंडावर परत येते. कुठल्या बिल्डमध्ये, म्हणजे गेमच्या कुठल्या आवृत्तीत, कुठल्या मशीनवर, कुठे उभं राहून, काय काय क्रमाने केलं, दहा वेळा केलं तर किती वेळा झालं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, सोबत व्हिडिओ. माझ्यासोबत लागलेल्या दोघांना गेम उत्तम खेळता यायचे, लिहिता येत नव्हतं. दोघेही वर्षभरात गेले.

आता झोपा काढण्याचं. इथे घोड्याची गोष्ट सांगायलाच हवी.

आमच्या एका गेममध्ये नदीवर धक्का होता. घोडा नावेत चढवायचा आणि नाव सुटत असतानाच मेन्यू उघडून सेव्ह करायचं. परत गेम सुरू केला की घोडा नावेत नसायचा, नदीवर उभा असायचा. टाच मारली की पाण्यावरून दौडायचा. मला तो बग गेम बाजारात येण्याच्या तीन महिने आधी सापडला. १०पैकी ३ वेळा व्हायचा. सहा पायऱ्या लिहिल्या, व्हिडिओ जोडला. बगवर निर्णय घेणारी बैठक रोज व्हायची आणि त्यात माझ्या घोड्यावर तीनदा चर्चा झाली. गेम बंद पडत नाही, खेळाडूची प्रगती पुसली जात नाही, हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला, दुरुस्तीसाठी सेव्हच्या यंत्रणेला हात लावावा लागणार, आणि डिस्क छपाईला जायला तीन आठवडे उरलेले असताना सेव्हला हात लावणं म्हणजे पाहुणे दारात असताना गॅसची नळी बदलणं. नोंदीवर शिक्का बसला: ‘वोन्ट फिक्स’, दुरुस्त करणार नाही. मी चिडले होते, पण त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

गेम आला आणि चौथ्या दिवशी घोड्याचा व्हिडिओ फिरायला लागला. खाली हजारो लोक विचारत होते, टेस्टर काय करत होते? माझ्या दिराने तो मलाच पाठवला, हसणाऱ्या तोंडांसकट. माझ्याकडे त्या बगचा नंबर होता, तारीख होती, त्या व्हिडिओपेक्षा स्वच्छ व्हिडिओ होता, आणि तोंड उघडायची परवानगी नव्हती.

म्हणजे तुम्हाला दिसलेला बग आम्हाला बहुतेक वेळा आधी दिसलेला असतो. सांगणारा वेगळा, ठरवणारा वेगळा. आणि जे आम्हाला खरोखर दिसत नाही त्याचा हिशेब साधा आहे. शंभर टेस्टर, रोज आठ तास, वर्षाचे अडीचशे दिवस धरले तर होतात २ लाख तास. गेम पहिल्या दिवशी १० लाख लोकांनी दोन-दोन तास खेळला तर २० लाख. आमचं अख्खं वर्ष तुम्ही नाश्त्याआधी संपवता.

फॉरवर्डवाल्याला एक गोष्ट मात्र मी स्वतःहून देते. रॉकस्टार कंपनीचा जीटीए ऑनलाइन हा गेम सुरू व्हायला लोक वर्षानुवर्षं कित्येक मिनिटं ताटकळायचे. २०२१मध्ये एका खेळाडूने बाहेरून प्रोग्रॅम उकलून कारण शोधलं. दुकानातल्या वस्तूंची सुमारे १० एमबीची यादी इतक्या अडाणी पद्धतीने वाचली जात होती की प्रत्येक नोंदीला पुन्हा उरलेल्या सगळ्या मजकुराची लांबी मोजली जायची. त्याच्या दुरुस्तीने वेळ सुमारे ७० टक्क्यांनी घटला. रॉकस्टारने ते मान्य केलं, सुधारणा गेममध्ये घेतली आणि त्याला १० हजार डॉलर दिले. ही ढिलाईच होती आणि तिला दुसरं नाव नाही. पण तिचं उत्तर ज्याने काढलं त्याने शिवी दिली नव्हती. पायऱ्या लिहिल्या होत्या.

तारखांबद्दल फार लिहीत नाही. ‘सायबरपंक २०७७’ हा गेम तीनदा पुढे ढकलून १० डिसेंबर २०२० रोजी आणला आणि आठवडाभरात सोनीने बगांपायी तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. आणखी पुढे ढकलला असता तर शिव्या पडल्या असत्या, नाही ढकलला म्हणून जास्त पडल्या. आळस म्हणाल तर शेवटच्या दोन महिन्यांत मी घरी फक्त आंघोळीला जायचे. बाणेरहून रात्री दोनला कॅबने सिंहगड रोड, सकाळी दहाला परत. पहिली तीन वर्षं मी कंत्राटावर होते, गळ्यातल्या कार्डाची फीतसुद्धा वेगळ्या रंगाची. जादा तासांचे पैसे सहीच्या कागदावर मिळाले, हातात नाही. तक्रार करायची असेल तर याची करा.

पुण्यातल्या पोरांचं. इशारा कुठे आहे ते कळतं. सप्टेंबर २०२०मध्ये युबिसॉफ्ट या गेम कंपनीने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’च्या रिमेकची घोषणा केली, काम त्यांच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. ट्रेलर फिका होता, मलाही आवडला नव्हता. जगभर टिंगल झाली. जानेवारी २०२१ची तारीख मार्चवर गेली, मग तारीखच उरली नाही, आणि मे २०२२मध्ये काम त्यांच्याच कॅनडातल्या माँट्रियल स्टुडिओकडे गेलं, ज्यांनी २००३ साली मूळ गेम केला होता. फॉरवर्ड इथे थांबतो. पुढचं असं की माँट्रियलनेही साडेतीन वर्षं काढली आणि जानेवारी २०२६मध्ये कंपनीने तो गेमच रद्द केला. ज्यांचं लेकरू त्यांनाही ते पुन्हा वाढवता आलं नाही. मग दोष पाण्याचा, पुण्याच्या पाण्याचा, की आणखी कशाचा, ते फॉरवर्डवाल्याने सांगावं.

आणि त्या ट्रेलरच्या महिनाभर आधी, ऑगस्ट २०२०मध्ये, याच शहरातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा गेम निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर आला होता. २०१७मध्ये त्यांची लोकवर्गणीची मोहीम पुरी झाली नव्हती, तरी मूठभर माणसांनी तो तडीस नेला. भावाला सोडवायला निघालेली मुलगी, वर दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगताहेत, मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांनी रंगवलेले. द गेम अवॉर्ड्समध्ये त्या वर्षीच्या पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकन होतं. तुमच्या भाचरांच्या वाढदिवसाला टीव्हीसमोर ‘जस्ट डान्स’ लावून नाचता ना, त्यातही पुण्याचे हात आहेत. हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

राहिले चाहते. चाहत्यांशी देणंघेणं नसतं हे वाक्य तर इतिहासालाच धरून नाही. टिळक रोडच्या सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून माझ्या वयाची पोरं ज्याला नुसतं ‘काउंटर’ म्हणायची, तो काउंटर-स्ट्राइक १९९९मध्ये दोन हौशी पोरांनी दुसऱ्याच गेमवर बसवलेला जोड होता. वर्षभरात व्हॉल्व्ह या गेम कंपनीने तो विकत घेतला आणि त्यांनाही कामाला घेतलं. ‘सॉनिक मेनिया’ हा गेम २०१७मध्ये सेगा कंपनीने ज्यांच्याकडून करून घेतला, ते सॉनिकचे घरगुती गेम बनवणाऱ्या चाहत्यांतूनच आलेले होते. शिव्या देऊन यातलं काय मिळालं? २०१६मध्ये ‘नो मॅन्स स्काय’ हा गेम जूनवरून ऑगस्टवर गेला तेव्हा बनवणाऱ्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्याने गेम एक दिवसही लवकर आला नाही.

आमच्याकडे प्रतिक्रिया वाचायला साताऱ्याची एक मुलगी होती, चोवीस वर्षांची. सकाळी नऊपासून लोकांची घाण वाचायची, त्यातून कामाचं निवडायचं, आम्हाला पाठवायचं. ती म्हणायची, ताई, तांदूळ कमी आणि खडे जास्त. दीड वर्षाने तिने बँकेची परीक्षा दिली. पण तिच्या निवडलेल्या तांदळातूनच ब्राझीलच्या एका खेळाडूची नोंद आली होती, सात पायऱ्या, व्हिडिओसकट. आमच्या बैठकीत ती जशीच्या तशी चिकटवली आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाली.

आणि घोडा? दुसऱ्या पॅचमध्ये, म्हणजे गेम आल्यानंतर पाठवलेल्या दुसऱ्या दुरुस्तीत, बरा झाला. तोवर लोकांनी नदीवर शर्यती लावायला सुरुवात केली होती, उगमापासून समुद्रापर्यंत, वेळ मोजून, वेगवेगळ्या देशांतले स्पर्धक. पॅच आला आणि तेच लोक आमच्यावर धावून आले: आमचा घोडा परत द्या. मला स्ट्रीट फायटर टूची आठवण झाली. १९९१च्या त्या गेममधले सलग ठोसे, ज्यांवर पुढे मारामारीच्या गेमचा अख्खा प्रकार उभा राहिला, तो मुळात एक बगच होता. बनवणाऱ्यांपैकी एकाच्या तो लक्षात आला, त्याला वाटलं एवढी अचूक वेळ कुणाला साधणार, आणि त्यांनी तो राहू दिला. आम्ही राहू दिला नाही. मात्र पुढच्या अपडेटमध्ये आमच्या एका प्रोग्रॅमरने त्या धक्क्यावर लाकडाचा एक छोटा घोडा ठेवला, पाण्याकडे तोंड करून. लोकांनी दोन तासांत शोधला.

हे सगळं मी बहिणीला पाठवलं. तिने भाच्याला वाचायला दिलं असणार, कारण परवा त्याचा व्हिडिओ आला, कुठल्याशा मोबाईल गेममध्ये गाडी पुलात रुतलेली. ‘मावशी, हा बग बघ.’ मी विचारलं, दहा वेळा करून पाहिलंस का?

रात्री पावणेएकला उत्तर आलं: १०पैकी ४.