अळीच्या पोटातले जिवाणू मारले म्हणून अळी मरत नाही

कापूस आणि मका पिकवणाऱ्या गावांत एक सल्ला फोनवरून फिरतो आहे. तो थोडक्यात असा: "अळीने खाल्लेलं पान तिच्या पोटातले जिवाणू पचवतात. फवारलेल्या औषधाची ताकदही तेच मोडतात. पंपात स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी टाका. जिवाणू मेले की अळी उपाशी मरते, आणि पुडीने नुकसान तर काहीच नाही." यातला एक तुकडा खरा आहे, म्हणूनच बाकीचा खोटेपणा पटकन गळी उतरतो.

आधी पचनाचं बघू. गाई-म्हशीच्या बाबतीत ही गोष्ट बरोबर आहे. पोटातले सूक्ष्मजीव गेले तर चारा अंगी लागत नाही. अळीचं आतडं वेगळं. ते जवळजवळ सरळ नळीसारखं असतं, घास त्यातून झपाट्याने पुढे सरकतो आणि कित्येक जातींत आतला सामू (पीएच) १० च्या आसपास किंवा वर, म्हणजे खूप अल्कधर्मी असतो. असल्या ठिकाणी जिवाणूंना बिऱ्हाड थाटणं अवघड. २०१७ मध्ये टोबिन हॅमर आणि सहकाऱ्यांनी रानातल्या १२४ जातींच्या अळ्या तपासल्या. त्यांच्या आतड्यात जिवाणू फार थोडे होते, आणि जे होते त्यातले बरेचसे पानाबरोबर आत आलेले पाहुणे. त्यांनी मॅन्ड्युका या तंबाखूवर पडणाऱ्या अमेरिकी अळीला अँटिबायोटिक खाऊ घातलं. तिची वाढ खुंटली नाही, मरही वाढली नाही. पान पचवायला लागणारी विकरं (एन्झाइम) अळी स्वतःच तयार करते.

काही प्रयोगांत अँटिबायोटिक दिलेल्या अळ्या खुरटतात, हे खरं आहे. पण तिथे औषध कृत्रिम खाद्यात कालवून रोज दिलेलं असतं. शिवाय पुडीत स्ट्रेप्टोमायसिनबरोबर असलेलं टेट्रासायक्लिन किड्याच्या पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या कामातही अडथळा आणतं, त्यामुळे खुरटणं जिवाणू गेल्यामुळे की औषधाच्या विषारीपणामुळे, हे वेगळं काढावं लागतं. शेतात तर मुळात औषध अळीच्या तोंडापर्यंत पोचायला हवं. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत बसून सरकी खाते, लष्करी अळी मक्याच्या पोंग्यात (मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) दडते.

"मावा अँटिबायोटिकने वांझ होतो, मग अळी का नाही?" असंही विचारतात. माव्याचं खरं आहे. त्याच्या शरीरात बुखनेरा नावाचा जिवाणू असतो, आणि तो आतड्यात नाही, खास पेशींत राहतो. माव्याला झाडाच्या रसातून न मिळणारी अमिनो आम्लं तो बनवून देतो. तो मेला की माव्याची पिल्लावळ थांबते. रस शोषणाऱ्या किडीचा हा संसार पान कुरतडणाऱ्या अळीला लावता येत नाही.

आता तो खरा तुकडा: जिवाणू औषध मोडतात. जपानमध्ये योशितोमो किकुची आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हे दाखवून दिलं. सोयाबीनवरचा एक ढेकूण मातीतून बर्कहोल्डेरिया जिवाणू पोटात घेतो. ज्या मातीत फेनिट्रोथिऑन हे कीटकनाशक वारंवार पडलं, तिथे ते औषध खाऊन जगणारे जिवाणू वाढले, आणि ते मिळालेला ढेकूण त्या औषधाने मरेना. मला हा शोध फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातून पुडीच्या सल्ल्याच्या नेमकं उलट निघतं. ढेकणाची प्रत्येक पिढी हे जिवाणू मातीतून नव्याने घेते आणि ते माजले वारंवार फवारल्यामुळे; म्हणजे आवर फवारणीला घालायचा, पुडी वाढवायची नाही. गुलाबी बोंडअळी बीटी कापसातल्या विषाला दाद देत नाही, ते मात्र तिच्या स्वतःच्या जनुकांतल्या बदलांमुळे. तिथे पुडी काय करणार?

जैविक बीटी (बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूपासून बनलेलं कीटकनाशक) फवारणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. विस्कॉन्सिन विद्यापीठात निकोल ब्रॉडरिक यांच्या २००६ च्या प्रयोगात जिप्सी पतंगाच्या अळ्यांना आधी अँटिबायोटिक दिलं, तर बीटीने त्या मरेनात. आतड्यातला एक जिवाणू परत दिला, तेव्हा बीटी पुन्हा लागू पडलं. सगळ्याच अळ्यांत असं घडतं यावर पुढे वाद झाला, पण एवढं नक्की की जिवाणू मारल्याने अळी वाचूही शकते. एरवीही जिवाणूंपासून बनलेलं औषध आणि जिवाणूनाशक एका पंपात घालायचं नसतं.

"नुकसान काहीच नाही" हे वाक्य ऐकून राग येतो. टेक्सासमध्ये २०१७ मध्ये मधमाश्यांना पाकातून टेट्रासायक्लिन दिलं, तेव्हा त्यांच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू घटले आणि पोळ्यात परत सोडल्यावर त्या कमी टिकल्या. अळीला नसलेलं बिऱ्हाड मधमाशीला खरोखर असतं. पुडीतलं स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावर चाललेलं पहिलं अँटिबायोटिक. त्याला दाद न देणारे जिवाणू शेतात तयार होऊ नयेत, याच काळजीपोटी केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतल्या स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनच्या या मिश्रणावर बंदीचा मसुदा काढला. आणि ही पुडी मुळात झाडाच्या जिवाणूजन्य रोगांसाठी आहे, किडीसाठी नाहीच.

कापसात पुडीचे पैसे कामगंध सापळ्यांवर (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यांवर) घाला. सलग तीन रात्री सापळ्यात रोज ८ पतंग दिसले की फवारणीचा विचार करा, डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली फुलं) दिसतील तशा तोडून नष्ट करा, आणि फरदड घेऊ नका, म्हणजे हंगाम संपल्यावर तेच पीक पुढे ठेवू नका.