पुस्तक मिटून विचारा

अभ्यास कसा करावा, यावरच्या एका लेखात म्हटलंय, धडा समजेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचावा. पण समजला, हे ठरवणार कोण? वाचणाराच ना! गोची तिथेच आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात मजकूर ओळखीचा होतो, डोळे भराभर पुढे सरकतात आणि त्या सराईतपणालाच आपण आकलन समजतो.

मी दहावीला विज्ञान शिकवते. ‘पाण्याचे असंगत आचरण’ हा भाग वाचून झाला की मुलं छातीठोकपणे ‘समजलं’ म्हणतात. 4 अंश सेल्सिअसला पाण्याची घनता सर्वाधिक, हे घडाघडा सांगतात. मग पुस्तक मिटायला लावून विचारते, तळं वरूनच का गोठतं? वर्ग चिडीचूप. 4 अंशांचं पाणी जड म्हणून तळाशी बसतं, त्याहून थंड झालेलं हलकं म्हणून वर राहतं आणि गोठतंही तिथेच, ही साखळी डोक्यात जुळलेलीच नसते.

मुलंच कशाला? 1982 साली मानसशास्त्रज्ञ ग्लेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी वाचकांना परस्परविरोधी विधानं असलेले उतारे दिले. अनेकांना विसंगती दिसली नाही, तरी उतारा नीट समजल्याचं त्यांनी सांगितलं! थीड आणि अँडरसन या संशोधकांच्या 2003 च्या प्रयोगात, वाचल्यावर थोडा वेळ जाऊ देऊन सारांश लिहिणाऱ्यांना आपल्याला किती समजलंय याचा अंदाज लगेच लिहिणाऱ्यांपेक्षा बराच अचूक आला. लगेच लिहिताना वाक्यं डोक्यात ताजी असतात, त्यामुळे फसायला होतं.

त्या लेखाच्या लेखकांना विनंती, ‘पुन्हा वाचा’च्या जागी ‘थोड्या वेळाने, न बघता लिहा’ असा सल्ला द्या. पालक असे लेख वाचून घरी मुलांकडून तसंच करून घेतात.